शिमानो की स्रॅम? आधी मेकॅनिकचा ड्रॉवर बघा

नाशकात नवी सायकल घेऊन गंगापूर रोडला लागलात की महिन्याभरात दोन गोष्टी आपोआप पदरात पडतात: मिसळीच्या ठिकाणांची यादी आणि सायकलच्या पार्ट्सबद्दलची ठाम मतं. मिसळीची यादी बहुतेक खरी निघते. मतांचं तसं नाही. वाद बहुतेक गिअर-ब्रेक बनवणाऱ्या तीन कंपन्यांचा: शिमानो, स्रॅम आणि कॅम्पॅग्नोलो. एक जण छातीठोक सांगतो, शिमानोशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नको. दुसरा म्हणतो, स्रॅमच्या क्लिकची सवय झाली की शिमानो मऊ वाटतं. तिसरा कॅम्पॅग्नोलोचं नुसतं नाव घेतो आणि पुढचा पाव मागवतो. त्याच्या सायकलवर ते बहुधा नसतंच.

यातलं कुणी खोटं बोलत नाही. पण प्रत्येकाच्या मतात पार्टचा दर्जा थोडा असतो आणि बाकीच्या गोष्टी जास्त. पहिल्या सायकलवर काय बसून आलं, हाताला कसली सवय लागली, जवळच्या मेकॅनिकला काय जमतं, आणि कोणत्या पार्टने नेमका कुठे दगा दिला. या चारही गोष्टी तुमच्या बाबतीत वेगळ्या असणार. तेव्हा आवड उसनी घेऊ नका. ती स्वतःची कशी बनवायची, त्याचा हा क्रम. घाई करायचं कारण नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय मत बनत नाही, आणि बनलं तरी त्याला फारसा अर्थ नसतो.

पायरी १: सायकलवर काय आहे ते आधी वाचून काढा

सायकल भिंतीला टेकवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि मागून पुढे या. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा, सगळे ज्याला आरडी म्हणतात तो. मग कॅसेट (मागच्या चाकावरची चकत्यांची चळत), चेन, क्रँक (पायडलचे दांडे), हब (चाकाचा मधला भाग), शिफ्टर (गिअर बदलायची कळ), ब्रेक, टायर. कशावर काय छापलंय ते वहीत उतरवा. कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या चकतीचे दात मोजून ठेवा. बऱ्याचदा आकडा चकतीवरच कोरलेला असतो.

बहुतेक सायकलींवर एक गंमत दिसेल. बाहेरून डोळ्यात भरणारा आरडी एक पायरी वरचा असतो. चेन, हब आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो तो भाग) मात्र स्वस्तातले, कधी कधी बिननावाचे. शोरूममध्ये गिऱ्हाईक आरडीवरचं नाव वाचतं, हबवरचं वाचत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ‘माझ्या सायकलला शिमानो आहे’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. रोडबाईकमध्ये शिमानोची उतरंड टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी चढत जाते. एमटीबीत, म्हणजे माउंटन बाईकमध्ये, टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला नाव एकच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २०२३ पासून मधल्या काही नावांच्या जागी क्यूज नावाची मालिका यायला लागली आहे, त्यामुळे जुन्या सायकलस्वाराने सांगितलेलं नाव दुकानात सापडलं नाही तर गोंधळू नका.

टायरच्या बाजूवर २८-६२२ अशा धर्तीचा आकडा असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नवा टायर मागताना हाच आकडा सांगा. २९ इंची एमटीबी आणि ७०० सी रोडबाईक या दोन्हींचा रिम ६२२ चाच असतो, २७.५ इंचाचा ५८४, आणि जुन्या २६ इंची एमटीबीचा ५५९. नुसतं ‘सत्तावीसचा द्या’ म्हणाल तर कोणता हातात पडेल सांगता येत नाही.

पायरी २: बाजारात एवढं शिमानोच का, ते समजून घ्या

ही पायरी वगळली तरी सायकल चालेल, पण वाद घालताना उपयोगी पडते.

शिमानो कंपनी १९२१ मध्ये जपानमधल्या साकाई गावात सुरू झाली. साकाई हे सुऱ्या-चाकू आणि लोखंडकामासाठी जुनं नावाजलेलं गाव. पहिला माल होता फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा मागचा भाग. इटलीत तुलिओ कॅम्पॅग्नोलो यांनी १९३३ मध्ये व्हिचेंझात कारखाना काढला. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की १९२७ च्या एका शर्यतीत घाटात थंडीने बोटं इतकी बधिर झाली की चाकाचे नट सुटेनात, आणि त्यातून क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायच्या कळीची, कल्पना निघाली. पुढची काही दशकं शर्यतीची चांगली सायकल म्हणजे कॅम्पॅग्नोलो हे समीकरण होतं. जुन्या जाणत्यांच्या डोळ्यांत अजून जी चमक दिसते ती तिथली.

समीकरण बदललं ते ८४ साली. तोवर गिअर बदलायचा म्हणजे लीव्हर अंदाजाने सरकवायचा आणि कान देऊन ऐकायचं, चेन नीट बसली का घासतेय. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर एका क्लिकला एक गिअर अशी इंडेक्स पद्धत आणली. पण त्यात एक अट दडलेली होती. क्लिक बरोबर बसायचा तर शिफ्टर, डिरेलर, केबल, फ्रीव्हील आणि चेन सगळं एकमेकांच्या मापाचं हवं. म्हणजे एक पार्ट इथला आणि एक तिथला हा कारभार संपला आणि ‘ग्रुपसेट’ म्हणजे पूर्ण संच घ्यायचीच रीत पडली. १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लीव्हरमध्ये आले आणि पकड आणखी घट्ट झाली.

स्रॅम १९८७ ची, शिकागोची. मूठ फिरवून गिअर बदलणाऱ्या ग्रिप शिफ्टपासून तिची सुरुवात. पूर्ण संच घेणाऱ्या सायकल कंपन्यांना शिमानो सवलत देते, त्यामुळे आमचा नुसता शिफ्टर कुणी घेत नाही, अशी तक्रार घेऊन १९९० मध्ये ती कोर्टात गेली. पुढच्याच वर्षी दोघांनी बाहेर तडजोड केली. मग स्रॅमनेही तोच रस्ता धरला: १९९७ मध्ये जर्मनीच्या साक्सचा सायकल विभाग, २००२ मध्ये रॉकशॉक्स, २००४ मध्ये ब्रेकवाली एविड, असं एकेक विकत घेत तिने स्वतःचा संच उभा केला.

तात्पर्य काय, तुम्ही ज्याला ‘माझी आवड’ म्हणाल तिचा मोठा भाग सायकल कारखान्याच्या खरेदी विभागात ठरलेला असतो. पहिल्या सायकलवर जे आलं ते आपलं वाटायला लागतं, आणि दुसरी घेताना नजर आपसूक त्याच नावाकडे जाते.

पायरी ३: हात काय म्हणतो ते विकत घेण्याआधी तपासा

रोडबाईकचे लीव्हर तीन तऱ्हांचे. शिमानोत अख्खा ब्रेक लीव्हर आतल्या बाजूला ढकलला की गिअर एका दिशेला जातो आणि त्यामागची छोटी पट्टी ढकलली की दुसऱ्या. स्रॅमच्या केबलवाल्या डबलटॅपमध्ये ब्रेक लीव्हर जागचा हलत नाही. एकच पट्टी थोडी ढकलली तर एक, जास्त ढकलली तर दुसरं. कॅम्पॅग्नोलोत आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण. यातलं कुठलंही चूक नाही. मात्र वर्षभर एकाची सवय झाली की दुसरं ‘विचित्र’ वाटतं, आणि हे विचित्र वाटणंच पुढे मत म्हणून वावरायला लागतं.

म्हणून ग्रुपमधल्या कुणाची सायकल अर्धा तास मागून घ्या. लोक आनंदाने देतात. सायकलवाल्याला आपली सायकल दाखवायला आवडतंच. शोरूमच्या दारातली चक्कर पुरेशी नाही. सोमेश्वरच्या पुढे जरा चढ-उतार असलेल्या रस्त्यावर, हात घामाने ओले झाल्यावर, ब्रेक धरलेला असताना गिअर बदलून बघा. हात लहान असतील तर ब्रेकचा लीव्हर हॅंडलच्या जवळ आणायचा बारीक स्क्रू त्या मॉडेलला आहे का, हे आधी विचारा. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत तर हा एक स्क्रू ब्रँडपेक्षा मोठा ठरतो. बोटं नीट पोचत नसतील तर उतारावर तासाभरात पंजा दुखायला लागतो, मग लीव्हरवर नाव कुणाचंही असो.

पायरी ४: मेकॅनिकचा ड्रॉवर बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

ज्या दुकानात तुम्ही सायकल दुरुस्तीला देणार आहात तिथे एखाद्या रिकाम्या दुपारी जाऊन बसा. रविवारी सकाळी नको. तेव्हा सगळ्या नाशिकचे पंक्चर तिथेच असतात. एवढं विचारा: आठ-नऊ गिअरची चेन आत्ता आहे का? माझ्या ब्रेकचे पॅड आहेत का? तेलाचे ब्रेक असतील तर तेल कोणतं ठेवता? उत्तर ‘मागवून देतो’ असं आलं तर किती दिवसांत, हेही विचारा. मुंबई-पुण्याहून येणारं पार्सल आणि ड्रॉवरमधून निघणारा पार्ट यांत तुमची एक-दोन रविवारची राईड जाते.

दुकानातला हा संवाद नवा नाही:

“काका, हा आरडी काढून स्रॅमचा बसवता येईल का?”

“बसवता येईल ताई, पण मग शिफ्टर पण तोच घ्यावा लागेल. आणि तो बिघडला तर इथे मिळायचा नाही. तुमच्या आरडीला काही झालेलं नाही, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकलाय. तेवढा सरळ करून देतो.”

या उत्तरात काकांची आवड दिसत नाही, त्यांचा साठा दिसतो. वर्षानुवर्षं जे पार्ट हातातून गेले त्यांचा आवाज, त्यांचे आटे, कुठे किती पिळायचं हे त्यांना डोळे मिटून कळतं. अशा माणसाला अनोळखी ब्रँड नेऊन दिलात तर शिकायची सुरुवात तुमच्या सायकलवर होणार. ती होऊही द्यावी, पण आपणहून आणि सवड असताना. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला गाठायच्या राईडच्या, आदल्या संध्याकाळी नको.

हबचं उदाहरण घ्या, म्हणजे मुद्दा नीट कळेल. चाक उचलून रिमपाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. टक-टक असं अगदी बारीक जाणवलं तर हबमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. जुन्या धर्तीच्या हबमध्ये सुटे छर्रे आणि त्यांना दाबून धरणारे कोन असतात. शिमानोने ही पद्धत महागड्या हबमध्येही बराच काळ सोडली नाही. मागच्या चाकात सहसा पाव इंचाचे छर्रे, पुढच्यात ३/१६ इंचाचे. हे छर्रे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात, ग्रीस भरून कोन बेताने कसला की चाक पुन्हा मऊ फिरतं. बेताने कसणं मात्र हाताचं काम आहे: ढिला ठेवला तर टक-टक, जास्त आवळला तर कोनला खड्डे. दुसऱ्या प्रकारच्या हबमध्ये बंद कार्ट्रिज बेअरिंग असतात. त्यात समायोजन वगैरे काही नाही, खराब झालं की ठोकून काढायचं आणि नवं दाबून बसवायचं. बेअरिंगवर मापाचा नंबर असतो; ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि रुंदीला ७ मिलिमीटर.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे सायकलवाले हटकून दुसऱ्या प्रकारच्या बाजूचे निघतात, आणि ते बरोबरच आहे. नंबर सांगितला की एमआयडीसीच्या आसपासचा बेअरिंगवाला तो समोर ठेवतो. सायकलच्या दुकानात जायचीही गरज नाही. हरसूल-पेठकडे राहणाऱ्याला मात्र छर्रेवाला हब सोयीचा, कारण गावातला सायकलवाला तो डोळे झाकून खोलतो. एकाच जिल्ह्यात दोन उलट आवडी, आणि दोन्ही शहाणपणाच्या.

पायरी ५: रस्ता कोणता, ऋतू कोणता

नाशिकच्या चारी दिशा सायकलला वेगवेगळं मागतात.

त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळा म्हणजे स्वच्छ पाणी कमी आणि चिखलाचं बारीक वाळूमिश्रित पाणी जास्त. रिम ब्रेक असेल तर ही वाळू रबर आणि रिमच्या मध्ये बसून रिम खाते. रिमच्या कडेला झीज दाखवणारी बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम बदलायची वेळ झाली. डिस्क ब्रेकमध्ये रेझिनचे पॅड अशा पाण्यात भराभर संपतात, धातूचे जास्त टिकतात. पण धातूचे बसवण्याआधी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, काय कोरलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिण्यापुरतं नसतं. धातूचा पॅड तो रोटर पातळ करून टाकतो.

सिन्नरच्या बाजूचे आतले रस्ते बाभळीचे. तिथे टायरच्या ब्रँडबद्दल ठाम मत असलेली माणसं भेटतील आणि त्यांचं ऐकण्यासारखं असतं, कारण काटा कुणाचीही भीड ठेवत नाही. श्वाल्बे मॅरेथॉन किंवा काँटिनेंटल गेटरस्किनसारखे जाड कवचाचे टायर जड असतात, वेग थोडा मारतात, पण सारखं ट्यूब काढून बसावं लागत नाही. हलका शर्यतीचा टायर गंगापूर रोडवर छान; आडरस्त्याला तो हौस आहे. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, म्हणजे अडल्या वेळी पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

सप्तशृंगी गडाचा घाट नांदुरीपासून सुरू होतो, आणि तिथे ब्रँडपेक्षा दात मोजलेले कामी येतात. पुढे ३४ आणि मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ सव्वा फेरा फिरतं. मागे ३४ ची असेल तर बरोबर एक. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण नवख्या गुडघ्यांना तो गडावर नेतो किंवा अर्ध्यात उतरवतो. मोठी कॅसेट टाकण्याआधी आरडीचा पिंजरा (त्याची दोन छोटी चाकं धरणारा भाग) तेवढ्या दातांना पुरतो का, हे मेकॅनिककडून पक्कं करून घ्या. आखूड पिंजऱ्याचा असेल तर आरडीही बदलावा लागतो.

कसाऱ्याच्या उताराबद्दल एकच: तेलाचे ब्रेक असतील तर कोणतं तेल, हे पाठ असू द्या. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक आजवर डॉट फ्लुइडचे, अलीकडे काही मॉडेल मिनरलवर आली आहेत. एकात दुसरं घातलं तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो. गाडीच्या गॅरेजमध्ये सहज मिळतं ते डॉट, म्हणून ‘तेलच तर आहे’ म्हणत कुणी ओतू लागलं तर हात धरा.

पायरी ६: काय कशाबरोबर चालतं

ब्रँड बदलायची लहर आली की हा भाग पुन्हा वाचा.

चेन, ब्रेक पॅड, टायर, केबल, सीट, पायडल यांत बिनधास्त सरमिसळ करा. केएमसी ही तैवानची कंपनी फक्त चेनमध्ये मुरलेली. तिची चेन शिमानोच्या कॅसेटवर उत्तम चालते. फक्त मागे जितके गिअर तितक्याची चेन घ्यायची. आठची चेन सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद, नऊची ६.६, अकराची ५.५ च्या आसपास. जाड चेन दाट कॅसेटमध्ये घासत बसते. पायडल बदलताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना लावून जोर काढाल आणि आणखी घट्ट कराल.

शिफ्टर आणि आरडी मात्र एकाच घरचे ठेवा. एका क्लिकला केबल किती ओढली जाते आणि तेवढ्या ओढीत आरडी किती सरकतो, हे प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. शिमानोच्याच रोड आणि एमटीबीच्या दहा गिअरच्या पिढीतही ते जुळत नाही. कॅसेट बसते ती फ्रीहब बॉडीही अशीच ज्याच्या त्याच्या घरची: शिमानोची जुनी एचजी, एमटीबीच्या बारा गिअरची मायक्रोस्प्लाइन, स्रॅमची एक्सडी, कॅम्पॅग्नोलोची आणखी निराळी. त्यातल्या त्यात एचजीवर स्रॅमच्या आणि सनरेसच्या बऱ्याच कॅसेट बसतात, आणि नाशकातल्या बहुतेक साध्या सायकलींवर तीच असते. कॅसेट संपली की सनरेसची स्वस्तातली टाकून बघायला हरकत नाही. मायक्रोशिफ्ट ही तैवानची आणखी एक कंपनी. नाव कमी ऐकू येतं, पण तिचे आठ-नऊ गिअरचे पार्ट साध्या वापराला चांगले आहेत आणि त्यांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वापरलेले असतात.

पायरी ७: पहिला खर्च चेनवर

नवा सायकलस्वार पैसे आले की ग्रुपसेटचे दर बघतो. त्याआधी चेन मोजा.

स्टीलची दोन फुटी पट्टी घ्या. चेन पुसा, ताणून धरा. पट्टीवरचा १ इंच एका पिनच्या बरोबर मध्यावर आणा आणि १३ इंचावर काय आहे ते बघा. चेनच्या पिना अर्ध्या-अर्ध्या इंचावर असतात, म्हणजे चेन नवी असेल तर १३ वरही पिनचा मध्यच यायला हवा. पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेलेली दिसली तर चेन अर्धा टक्का ताणली. अकरा-बारा गिअरच्या सायकलवर बदलायची हीच वेळ. आठ-नऊ-दहावर पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. पिन इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल तर उशीर झाला, बहुधा कॅसेटनेही त्या चेनचा आकार घेतलेला असतो आणि नवी चेन तिच्यावर उड्या मारते.

चेन वेळेवर बदलणाऱ्याची कॅसेट तीन-तीन चेन पुरते. न बदलणारा वर्षभराने कॅसेट आणि क्रँकच्या चकत्या एकदम बदलतो आणि ‘अमुक कंपनीचा माल राहिला नाही’ असं सगळ्यांना सांगत फिरतो. ग्रुपमध्ये ऐकू येणाऱ्या निम्म्या तक्रारी मला तरी या जातीच्या वाटतात. पावसाळ्यात चेनला ओल्या हवामानाचं घट्ट तेल लावा आणि प्रत्येक राईडनंतर पुसा; मार्चनंतर तेच तेल धूळ धरतं, तेव्हा पातळ किंवा मेणाचं. एवढं वर्षभर केलंत की चेनच्या ब्रँडबद्दल बोलायचा तुम्हाला अधिकार.

चेननंतर ब्रेक पॅड, मग केबल आणि तिचं आवरण, मग टायर. गिअर जड चालतोय म्हणून शिफ्टर बदलायला निघालेल्या किती तरी सायकली नुसत्या नव्या केबलने सुतासारख्या सरळ होतात. खरेदी ओळखीच्या दुकानातून, बिलासह. चेन आणि ब्रेक पॅड या दोन गोष्टींत डुप्लिकेट माल फिरतो आणि तो नेमका उतारावर उघडा पडतो.

पायरी ८: मत ऐकताना माणूस बघा

नाशिकला सायकलचा वारसा मोठा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण करणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हेही तेव्हा नाशिकचेच म्हणून ओळखले जात. साहजिकच, अशांच्या सायकलवर काय होतं याची चर्चा गावात होते. पण त्या शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत माणसं आणि जादा चाकं असतात. बिघडलं तर चाक बदलून पुढे. ज्याच्या मागे गाडी नाही, त्याने त्या यादीवरून खरेदी करू नये.

ब्रेव्हे करणाऱ्यांचं मत त्यापेक्षा जवळचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०, आणि बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोल पॉइंटवर. रात्री दोनला हायवेवर केबल तुटली तर स्वतःच बघायचं. म्हणून या मंडळींच्या सायकलींवर चमकदार काही कमी आणि सगळीकडे मिळणारं जास्त दिसतं. एखाद्याला विचाराच, की बॅगेत काय ठेवतोस. बॅगेतल्या वस्तू सांगतात कुठल्या पार्टवर त्याचा भरवसा नाही. पंढरपूरच्या सायकल वारीला जाणाऱ्यांनाही हेच विचारा. तिथे महागड्या कार्बनच्या शेजारी साधी सायकलही चालत असते, आणि कुणाचं काय निखळलं याच्या आठवणी ताज्या असतात.

बाकी कुणीही ‘बेस्ट’ म्हटलं की विचारा: किती किलोमीटर झाले, पावसात चालवली का, त्या काळात काय बदललं, आणि पैसे कुणी भरले. चौथ्या प्रश्नावर बरेच जण हसतात.

पायरी ९: एक भाग, ज्याला ब्रँडच नाही

आरडी फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे सायकल उजवीकडे पडली तर तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी. शिमानोवाल्याचा आरडी असो की स्रॅमवाल्याचा, गिअर नीट न पडण्याचं पहिलं कारण बहुतेक हाच असतो. मागून बघा: आरडीची दोन छोटी चाकं आणि कॅसेटची चकती एका रेषेत नसतील तर हँगर वाकलाय.

हँगर बहुधा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. शेकडो आकार आहेत, तुमचा कुठल्याही दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असेलच असं नाही, आणि दोन वर्षांनी ते मॉडेल बंद झालं की शोधत फिरावं लागतं. सायकल घेताना त्याच बिलात दोन जादा हँगर मागून घ्या. एक सीटखालच्या बॅगेत, त्याच्या स्क्रूला लागणाऱ्या एलन कीसह, दुसरा घरी. सायकल पुढे कुणाला विकलीत तर उरलेला हँगर आठवणीने तिच्याबरोबर द्या.